तुम्ही विचारलंत म्हणून: विंटरटूरला आधी बाग पाहावी की घर?

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, विल्मिंग्टन शहरालगत विंटरटूर नावाची जुनी इस्टेट आहे. हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट यांचं हे राहतं घर १९५१मध्ये म्युझियम म्हणून सगळ्यांसाठी खुलं झालं. आत १७५ दालनं, ९० हजारांच्या घरात वस्तू. बाहेर जवळजवळ हजार एकर जमीन आणि त्यात ६० एकरांची बाग. तिकडे निघालेले लोक मला हमखास विचारतात, दिवस एकच आहे, तर सुरुवात कुठून करू? बहुतेकांनी मनाशी ठरवलेलंही असतं की घर मुख्य आणि बाग नंतर पाय मोकळे करायला. मी दरवेळी आग्रहाने सांगते, आधी बाग. कारण ते घर लावलंय एका बागवेड्या माणसाने.

ड्यू पाँट हार्वर्डमध्ये उद्यानविद्या शिकले. १९०२च्या सुमारास, म्हणजे विशीतच, त्यांनी घराखालच्या उतारावर फुलांचे कंद लावायला घेतले. आज तो उतार ‘मार्च बँक’ म्हणून ओळखला जातो आणि मार्चअखेरीस झाडांना अजून पानही नसतं तेव्हा तिथली जमीन निळीशार होते. जुन्या अमेरिकी वस्तूंकडे ते वळले थेट १९२३मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. व्हरमाँटमधल्या एका घरी त्यांनी पाइनच्या लाकडाचं जुनं कपाट पाहिलं. फळ्यांवर इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधल्या गुलाबी बशा मांडल्या होत्या. त्या लाकडावर तो गुलाबी रंग जसा उठून दिसत होता, त्यानेच ते मोहून गेले. रंगाशेजारी रंग कसा खुलतो हे बागेत वीस वर्षं पाहत आलेला माणूस कपाटातही तेच बघणार.

म्हणून सांगते, बागेत फुलांची नावं पाठ करू नका, कशाशेजारी काय लावलंय ते बघा. एप्रिलमध्ये गेलात तर ‘विंटरहेझल वॉक’ चुकवू नका. कोरिलॉप्सिसची, म्हणजेच विंटरहेझलची, झुडपं फिकट हिरवट-पिवळ्या झुपक्यांनी लवलेली असतात आणि त्यांच्या मधूनमधून कोरियन ऱ्होडोडेंड्रॉन या फुलझाडाचा जांभळट रंग. दोन्ही रंग तसे अशक्त. एकेकटे पाहिले तर मान वळवून कुणी बघणार नाही. शेजारी आले की पिवळा उजळतो आणि जांभळ्याला धार येते. मी तिथे बराच वेळ उभी राहते. एकदा जवळून आणि एकदा मागे सरून, असं दोन्हीकडून पाहण्यासारखं आहे ते.

मे महिन्यात अझेलियाचं, म्हणजे गच्च फुलणाऱ्या एका झुडपाचं, रान फुलतं. आठ एकरांच्या या रानात अमेरिकन चेस्टनटची मोठी झाडं होती. रोग येऊन ती मेली, वरचं छत उघडं पडलं आणि त्या मोकळ्या जागांमध्ये ड्यू पाँट यांनी जपानी कुरुमे अझेलिया लावायला सुरुवात केली. उंच झाडांखाली राणी रंग, अबोली, पांढरा असे थर पसरत जातात. मध्येच एखादा रंग मुद्दाम किंचित खटकणारा ठेवलेला सापडतो. तो काढून टाकला तर सगळं गुळमुळीत होईल.

हे डोळ्यांत घेऊन घरात शिरा. आत गेल्यावर पहिली काही मिनिटं अंधारल्यासारखं वाटेल. जुनं कापड आणि रंगवलेला कागद उजेडाने विटतो, तो विटका रंग परत येत नाही, म्हणून अशा दालनांत प्रकाश बेताचाच ठेवतात. घाई करू नका, डोळे सरावू द्या. मग ‘चायनीज पार्लर’मधला हाताने रंगवलेला १७७०च्या आसपासचा चिनी वॉलपेपर हळूहळू उलगडू लागतो.

साधारण १६४० ते १८६० या काळात अमेरिकेत बनलेल्या किंवा वापरलेल्या वस्तू इथे आहेत. पण त्या कपाटबंद ओळीत लावलेल्या नाहीत, घर लावावं तशा लावल्यात. ड्यू पाँट राहत होते तेव्हा ऋतू बदलला की पडदे बदलत. जेवायला पाहुणे येणार असले की बागेत काय फुललंय ते पाहून त्या रंगाला साजेशी क्रोकरी निघे. आता पॉल रिव्हिअर या अमेरिकी चांदीकाराने १७७२मध्ये घडवलेले चांदीचे सहा टँकार्ड, म्हणजे कानाचे मोठे पेले, बघा. ते एका चर्चसाठी केले होते. इतिहास म्हणून ते थोर आहेतच, पण मला भावतो तो त्या सहा कललेल्या कडांवर एकाच वेळी चमकणारा उजेड.

एक गोष्ट मात्र मला आजही सलते. माँटमोरेन्सी जिना म्हणून जो अधांतरी वळत जाणारा सुंदर जिना दाखवतात, तो नॉर्थ कॅरोलायनातल्या १८२२च्या एका घरातून काढून आणलेला आहे. मूळ जिना गोलाकार होता, इथल्या जागेत बसावा म्हणून तो लंबगोल केला. बागेत रोप हलवून लावता येतं, नव्या मातीत ते पुन्हा वाढतंही. जिन्याचं तसं नाही. तो ज्या घरासाठी घडवला होता त्या घरातून तो कायमचा गेला आणि हे पाहणाऱ्याला सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सूपच्या भांड्यांचा मोठा संग्रहही आहे. वेळ उरला तर जरूर बघा, नाही तर सोडा. घराची गाइडेड टूर दुपारची घ्या, म्हणजे सकाळ बागेला मिळेल. संध्याकाळी तासभर उरला तर सकाळच्याच वाटेने पुन्हा जा. तिरक्या उन्हात तेच रंग वेगळे दिसतात. पाऊस लागून राहिला असेल तरच आधी घर.