शंभर किलोंचा शिधा आणि पन्हाळ्याचा वेढा

आठवीची ३४ मुलं, तीन शिक्षक, एक वजनकाटा आणि ओल्या फडक्यात बांधलेली मटकी एवढं घेऊन सप्टेंबरातल्या एका शनिवारी आम्ही पन्हाळ्यावर गेलो. विषय होता ‘तगून राहणं आणि पोषण’. पुस्तकात तो जीवनसत्त्वांच्या तक्त्यात अडकून पडतो. क जीवनसत्त्व कमी पडलं की स्कर्व्ही होतो, हे मुलं पाठ करतात. पण कोठारात धान्याची रास असतानाही माणूस आजारी का पडतो, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. हा प्रश्न मुलांना जिथे नीट पडेल अशी जागा आम्ही शोधत होतो. कोल्हापूरपासून २० किलोमीटरवर ती होतीच.

१६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत शिवाजी महाराज या गडावर वेढ्यात अडकले होते. पावसाळा सुरू झाला तरी सिद्दी जौहरनं वेढा उठवला नाही. चार महिन्यांहून जास्त काळ गडावरच्या माणसांनी रोज काय खाल्लं असेल, पाणी कुठलं प्यायले असतील? सहलीचा सगळा बेत आम्ही या एका प्रश्नाभोवती रचला.

सुरुवात अंबरखान्यापासून केली आणि तुम्हीही तिथूनच करा. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं आहेत. त्यांतलं गंगा सगळ्यांत मोठं, उंची सुमारे ३५ फूट. बाहेरच्या पायऱ्यांनी छतावर जायचं आणि वरच्या भोकांतून धान्य आत ओतायचं, अशी रचना. गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावे, असं सांगतात. ते ऐकताच एका मुलानं विचारलं, “खंडी म्हणजे किती?” २० मणांची खंडी, एवढं मी सांगितलं, पण मण गावोगावी वेगळा होता, हेही सांगावं लागलं. आजी-आजोबांकडून आपल्या गावचा मण, पायली, शेर विचारून या, असं सहलीच्या आधीच सांगून ठेवा. आम्ही ते केलं नव्हतं, त्यामुळे एक चांगली चर्चा अर्ध्यावर राहिली.

कोठाराबाहेर मोकळ्या जागेत सहा गट बसवले आणि खेळ मांडला. तुम्ही सहा पहारेकरी आहात. ३० दिवस कुणी खाली उतरणार नाही, वर कुणी येणार नाही. कोठारात शंभर किलोच मावतं. माणशी रोज २,२०० कॅलरी लागतात. काय भराल? प्रत्येक गटाला चिठ्ठ्या दिल्या: किलोमागे धान्य ३,४००, मटकी ३,३००, शेंगदाणे ५,६००, तेल ९,०००, गूळ ३,८०० कॅलरी. आकडे मुद्दाम ढोबळ ठेवले, म्हणजे हिशोब तोंडी होतो आणि मुलं भागाकारात न अडकता अन्नाबद्दल बोलतात.

पहिल्या गटानं ९८ किलो तांदूळ आणि २ किलो मीठ-मसाला भरला. रोजची गरज १३,२०० कॅलरी, त्यामुळे त्यांचं कोठार पंचविसाव्या दिवशी रिकामं झालं. शेजारचा गट हुशार निघाला: ७० किलो धान्य, १५ शेंगदाणे, ५ तेल, ८ गूळ, २ मीठ-मसाला. हिशोब ३० दिवसांना पुरून थोडा उरला. त्यांनी टाळ्याही वाजवल्या. मग आम्ही दुसरी चिठ्ठी उघडली: “वेढा उठलेला नाही. तिसरा महिना लागला. पुरेसा दाणा पुन्हा वर आला, पण हिरडीतून रक्त येतंय.” पोट तर भरत होतं! मग काय चुकलं?

इथे अजिबात घाई करू नका. उत्तर आपण सांगायचं नाही. आमच्याकडे दहा मिनिटं गेली. कुणी म्हणालं दूध नाही, कुणी म्हणालं मांस नाही. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “बाई, यात ताजं काहीच नाही.” त्या क्षणी आम्ही फडकी सोडली. गुरुवारी रात्री भिजवून शुक्रवारी सकाळी बांधलेल्या मटकीला बोटाच्या पेराएवढे मोड आले होते. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व नसल्यासारखंच असतं. मोड येताना ते तयार होतं. म्हणजे कोंडलेल्या गडावर मूठभर मटकी आणि ओंजळभर पाणी असलं तरी ताजं अन्न उगवता येतं. चिमूटभर कच्चे मोड प्रत्येकानं चावून खाल्ले. ते जास्त शिजवले की त्यातलं क जीवनसत्त्व बरंच जातं, हेही तिथेच सांगून टाका.

मग पाणी. गडावरची अंधारबाव तीन मजली आहे. तळाशी विहीर, वर पहाऱ्याची जागा, मधल्या मजल्यावर तटाबाहेर निघणारी चोरवाट. विहिरीला एवढी पक्की इमारत कशाला, असा प्रश्न मुलांना आपणहून पडतो. शत्रू पाण्यात विष कालवेल ही धास्ती लक्षात आली की मग पाण्याचा हिशोब करायला लावा. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी रोज ५ लिटर धरले तरी सहा जणांना ३० दिवसांत ९०० लिटर लागतात, म्हणजे शिध्याच्या नऊ पट वजन. सहापैकी एकाही गटानं पाण्याचा विचार केला नव्हता. सरपणाचाही नाही. तांदूळ आहे आणि पेटवायला काही नाही, हे ध्यानात आल्यावर एका गटानं आपणहून अर्धा तांदूळ काढून पोहे आणि सातूचं पीठ मागितलं. मला हा दिवसाचा सगळ्यांत चांगला निर्णय वाटला.

बाहेर अडकलेल्या माणसाला आधी काय लागतं आणि नंतर काय, हा क्रम शिकवायला कड्यावरच्या सज्जा कोठी या इमारतीजवळचा वारा कामी आला. हवेशिवाय तीन मिनिटं, थंडी-पावसात आसऱ्याशिवाय तीन तास, पाण्याशिवाय तीन दिवस, अन्नाशिवाय तीन आठवडे, हा अंदाजाचा आडाखा तगून राहण्याच्या शिबिरांत शिकवतात. मुलांना तो खरा वाटत नाही, भूकच मोठी वाटते. एका हातावर ओला रुमाल, दुसऱ्यावर कोरडा, आणि पाच मिनिटं वाऱ्यात उभं राहायचं. एवढ्यानं पटतं. ओले कपडे आधी बदलायचे, डबा नंतर उघडायचा.

आता एक चूक सांगते, कारण तीच चूक दुसऱ्या कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. मागच्या वर्षी मुलांना भूक कळावी म्हणून मी सकाळचा नाश्ता अगदी हलका ठेवायला सांगितला होता. तटाजवळच्या चढावर एका मुलीला चक्कर आली. सावलीत निजवलं, पाय उंचावर ठेवले, ती पूर्ण शुद्धीवर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं आणि ती सावरली. पण तो अर्धा तास मी विसरलेले नाही. उपासमार शिकवायला मुलांना उपाशी ठेवायचं नसतं. यंदा निघण्यापूर्वी सगळ्यांना पोटभर उपमा दिला आणि मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण प्रत्येकाकडून करवून घेतलं: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मोजायचा चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू देऊ नका, जास्त झालं तर अपाय होतो. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का, हे पालकांकडून लेखी विचारून घ्या.

दुपारी गडाच्या ‘तीन दरवाजा’ नावाच्या प्रवेशद्वाराजवळ झुणका-भाकरी घेतली. मुलांना वाटलं शिकवणं संपलं, पण ते ताट म्हणजेच पुढचा धडा होता. धान्यात लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी असतो, तो हरभऱ्याच्या पिठातून मिळतो. हरभऱ्यात जे कमी, ते भाकरीतून भरून निघतं. वर लिंबू पिळलं तर अन्नातलं लोह अंगी जास्त लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. भाकरी ज्वारीची होती. नाचणीची मिळाली तर आणखी चांगलं, कारण १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम सुमारे ३५० मिलिग्रॅम, तांदळात १० च्या आसपास. आमच्या आज्यांनी हे ताट कुठल्या तक्त्यावरून मांडलं नव्हतं, आणि मुलांना ते सांगताना मला फार बरं वाटलं.

रानभाज्यांसाठी गडाखालच्या एका वाडीत ओळखीच्या मावशींच्या बांधावर गेलो. गड संरक्षित स्मारक आहे, २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. तिथे पान तोडायचं नाही, चूल पेटवायची नाही. मावशींनी घोळ दाखवली, जाड लालसर देठांची. शेजारीच जमिनीलगत पसरलेलं तसंच दिसणारं तण होतं. देठ मोडताच पांढरा चीक आला. “चीक आला की टाकायचं,” एक मुलगा वहीत लिहायला लागला. मावशींनी लगेच पाथरीचं पान मोडलं. त्यातूनही चीक! “ही तर आम्ही भाकरीसंगं कच्ची खातो. नेम नसतोय बाळा, वळख असावी लागती.” रानात काय खावं याचा सोपा नियम मुलांच्या हाती देण्याचा माझा मोह तिथेच संपला. कुर्डूला तुरे आले होते, म्हणजे कोवळ्या भाजीचे दिवस सरले होते. भाज्याच बघायच्या असतील तर जुलैत जा, मात्र तेव्हा गडावर धुकं आणि पाऊस इतका असतो की कोठाराबाहेरचा खेळ जमणार नाही. दोन्ही एका दिवसात हवं तर सप्टेंबरच बरा. जाणकार माणूस बरोबर असल्याशिवाय मुलांनी एकही पान तोंडात घालायचं नाही, हे बसमध्येच बजावा.

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते आणि तासाभरात थेट वर पोहोचता येतं. वर वस्ती असल्यामुळे स्वच्छतागृह आणि दवाखान्याची चिंता कमी. माकडं मात्र पिशव्या ओढतात, शिध्याचे नमुने झाकणाच्या डब्यांतच न्या. एका दिवसात अंबरखाना, अंधारबाव, सज्जा कोठी आणि जेवण एवढंच बसतं.

सोमवारी पहिला गट, तो पंचविसाव्या दिवशी कोठार संपलेला, नवा कागद घेऊन आला: ६० किलो धान्य, १० मटकी, १७ शेंगदाणे, ५ तेल, ६ गूळ, २ मीठ-मसाला. बेरीज बरोबर ४,००,००० कॅलरी. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, “सरपण किती किलो धरायचं?”