मेलेला हिरो आणि हसणारं पब्लिक

सेकंड इयरला असताना आमच्या एकांकिकेत शेवटी हिरो मरायचा. मी लाईट्सवर होतो. तालमीत तो सीन आला की सगळे चिडीचूप, एकदोघी तर डोळेपण पुसायच्या. आणि स्पर्धेच्या दिवशी काय झालं, हिरो छाती धरून कोसळला, शेवटचं वाक्य बोलला, मेला, आणि त्याच्या नाकावर माशी बसली. त्यानं नाक उडवलं. मागच्या रांगेतून दुसऱ्या कॉलेजचं एक पोरगं ओरडलं, "आरं जिवंत हाय की!" झालं. फेडआउट द्यायला मला तीन-चार सेकंद उशीर झाला कारण मीपण हसत होतो. नंतर परीक्षक म्हणाले, एका रात्रीत एका खोलीत घडेल असं लिहा, तीन-तीन स्थळं कशाला? माशीबद्दल ते काही बोलले नाहीत.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे सध्या मी इंग्लिशमधून एक्स्टर्नल एमए करतोय, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी (घरात मुलीची दहावी, त्यात बापाची परीक्षा, सगळा आनंदच आहे), आणि सिलॅबसला जॉन ड्रायडन या इंग्रज कवी-नाटककाराचा नाटकावरचा निबंध आहे, १६६८ सालचा. गाईडमध्ये त्याचं एक टेबल करून टाकलंय, डावीकडे प्राचीन उजवीकडे आधुनिक, मध्ये रेघ. मीपण तेच पाठ करत होतो. मग एका रविवारी मूळ निबंध काढून वाचला तर त्यात एक जण चक्क म्हणतो, की आमच्या शोकांतिकांमध्ये नट मरायला लागले की लोकांना हसू आवरत नाही! साडेतीनशे वर्षांपूर्वी, लंडनमध्ये. मी वही बाजूला ठेवली आणि सगळा निबंध एका बैठकीत संपवला.

प्रसंग असा आहे. ३ जून १६६५. इंग्लिश आणि डच आरमाराची समुद्रात लढाई चाललीय आणि तोफांचा आवाज पार लंडनपर्यंत येतोय. चार मित्र होडी करून थेम्समधून निघतात, कशाला तर तो आवाज नीट ऐकायला. लांब ढग गडगडावेत किंवा धुराड्यात पाकोळ्या फडफडाव्यात तसा आवाज येतो असं ड्रायडन लिहितो, मला ते पाकोळ्यांचं फार आवडलं. हळूहळू आवाज लांब जायला लागतो म्हणजे आपली सरशी होतेय, सगळे खूश, आणि त्यातला एक लगेच कुरकुरतो की आता या विजयावर किती भिकार कविता वाचाव्या लागणार. तिथून गाडी कवितेवर आणि कवितेवरून नाटकावर येते.

चौघांना ग्रीक-लॅटिन वळणाची नावं दिलीत. क्रायटीस म्हणतो जुने ग्रीक-रोमन तेच थोर, आपण त्यांची नक्कल करतो आणि तीही धड नाही. युजीनियस आजच्यांच्या बाजूचा. लिसिडियसला फ्रेंच नाटक भारी वाटतं. आणि निअँडर, म्हणजे नवा माणूस, हा इंग्लिश नाटकाच्या बाजूने बोलतो आणि तो स्वतः ड्रायडनच, हे कुणालाही कळतं. क्रायटीसच्या मागे ड्रायडनचा मेहुणा रॉबर्ट हॉवर्ड आहे असं मानतात. म्हणजे मेहुण्याला निबंधात घालून त्याच्याशीच वाद, आपल्याकडे असं केलं तर दिवाळीला बोलावणं बंद.

क्रायटीसचा मुख्य मुद्दा त्या तीन ऐक्यांचा: काळ एक, स्थळ एक, कथानक एक. नाटक दोन-तीन तासांचं असेल तर गोष्टपण शक्यतो तेवढ्याच वेळाची हवी, निदान एका दिवसाची, आणि पहिल्या सीनला जी जागा तीच शेवटपर्यंत. आमच्या परीक्षकांचंच म्हणणं. आता गंमत बघा, हा 'प्राचीन' नियम म्हणून सांगतात पण जुना ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल स्थळाच्या ऐक्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याचा सगळा जोर कथानकाच्या एकसंधपणावर आहे, काळाबद्दल तो फक्त एवढंच नोंदवतो की शोकांतिका साधारण सूर्याच्या एका फेऱ्यात बसायचा प्रयत्न करते. तिन्ही एकत्र बांधून त्याचा कायदा केला तो इटलीत कास्तेलवेत्रो नावाच्या समीक्षकानं, १५७० मध्ये, आणि मग फ्रेंचांनी तो डोक्यावर घेतला. युजीनियस होडीतच हे बोलून दाखवतो, की स्थळाचं ऐक्य ना ॲरिस्टॉटलमध्ये सापडतं ना रोमन कवी होरेसमध्ये, ते आपल्याच काळातल्या फ्रेंचांनी घुसडलंय. म्हणजे गाईडच्या टेबलात डाव्या कॉलममध्ये लिहिलेली गोष्ट खरं तर उजव्या कॉलममधली निघाली! तिथेच माझी ती रेघ पुसली गेली.

मग मी परत पहिल्यापासून वाचायला लागलो आणि मला सारखं वाटत राहिलं की ही माणसं जुन्या-नव्याबद्दल भांडतायत असं नुसतं दिसतंय, भांडण खरं प्रेक्षकावरून आहे. क्रायटीसला भीती की स्थळ बदललं तर प्रेक्षकाचा विश्वास उडेल. लिसिडियसला भीती की रडता रडता मध्येच विनोद आला तर प्रेक्षकाची गडबड होईल, आणि मरण स्टेजवर दाखवलं तर तो हसेल, म्हणून फ्रेंचांसारखं मरण आत होऊ द्या आणि बाहेर येऊन कुणीतरी सांगा. (हा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. अनुभव आहे.) निअँडरला ही भीतीच नाही. तो म्हणतो अहो डोळा एका क्षणात नको त्या वस्तूवरून हव्या त्या वस्तूवर जातो, मग मनाला एवढं जड का समजता, शोकांतिकेतला विनोदी सीन म्हणजे दोन अंकांच्या मधलं संगीत. फ्रेंच नाटकाचं सौंदर्य पुतळ्याचं आहे, माणसाचं नाही, हे वाक्यही त्याचंच. आणि मग तो शेक्सपिअरबद्दल बोलतो ती पानं वाचाच, बेन जॉन्सनचं (शेक्सपिअरच्याच काळातला नाटककार) मी कौतुक करतो पण प्रेम शेक्सपिअरवर आहे, हे तिथलं.

पुढे १७६५ मध्ये सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज समीक्षकानं हा विषय जवळजवळ संपवलाच. तो म्हणतो जो माणूस थिएटरात बसून आपण अलेक्झांड्रियात आहोत असं मानू शकतो त्याला पुढच्या अंकात रोमला जायला काय त्रास? प्रेक्षक पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत शुद्धीवर असतो, त्याला माहीत असतं की स्टेज हे स्टेज आहे.

आता हे वाचून मराठी माणसाला हसू येतं, कारण आपल्या दशावतारात एक पात्र स्टेजला गिरकी मारतं आणि पोचलो म्हणतं, आणि पोचतं. शाकुंतलात 'परिक्रम्य' अशी सूचना येते, चार पावलं फिरला की जागा बदलली. भरतानं नाट्यशास्त्रात रंगमंचाचे असे भाग पाडूनच दिलेत. होडीतल्या चौघांना यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं, विल्यम जोन्सचं शाकुंतलाचं इंग्रजी भाषांतर आलं १७८९ मध्ये. त्यांचं 'प्राचीन' म्हणजे फक्त ग्रीस आणि रोम. क्रायटीसला मृच्छकटिक वाचायला दिलं असतं तर? त्यातला खलनायक शकार बाष्कळ बडबड करून हसवतोय आणि तोच वसंतसेनेचा गळा दाबतोय, एकाच अंकात.

अर्थात आपले प्राचीन म्हणजे सगळे मोकळेढाकळे होते असंही नाही हां. नाट्यशास्त्रात नियमांचा पाऊस आहे. एका अंकात एका दिवसातलं घडवा, दोन अंकांच्या मध्ये वर्षापेक्षा जास्त काळ जाऊ देऊ नका. आणि भवभूती उत्तररामचरितात पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या मध्ये सरळ बारा वर्षं घालवतो. मरण स्टेजवर नको असंही आहे, तरी भासाच्या ऊरुभंग नाटकात दुर्योधन सगळ्यांच्या समोरच प्राण सोडतो. नाटकवाले सगळीकडे सारखेच.

निअँडरचंही तेच. निबंधाच्या शेवटी तो तावातावाने सांगतो की गंभीर नाटक यमकातच हवं, क्रायटीस म्हणतो माणसं यमकात बोलतात का कधी, आणि हा ऐकत नाही. दहा वर्षं पण झाली नाहीत तर स्वतः ड्रायडनच १६७५ च्या नाटकाच्या प्रोलॉगमध्ये कबूल करतो की यमकाचा आपल्याला कंटाळा आलाय. ते नाटक कुठलं माहितीये? 'औरंगझेब'. औरंगझेब हयात असताना लंडनमध्ये त्याच्यावर नाटक, आणि त्यात तो बापाशी एकनिष्ठ सद्गुणी हिरो! शिवरायांचा राज्याभिषेक होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. हे वाचून मी चहा सांडला.

पण मला भरताचं सगळ्यात जास्त आवडलं ते वेगळंच. ॲरिस्टॉटल नाटकाची सहा अंगं सांगतो आणि दिसण्याचा भाग शेवटी टाकतो, त्याच्या मते शोकांतिकेचा परिणाम प्रयोगाशिवाय, नटांशिवायही होऊ शकतो. भरत मात्र दुसऱ्याच अध्यायात टेप घेऊन थिएटर मोजायला लागतो. चौसष्ट हात लांब, बत्तीस हात रुंद, त्याहून मोठं बांधू नका, का तर मागच्याला शब्द नीट ऐकू येणार नाहीत आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसणार नाहीत. मागच्या रांगेतल्या माणसाचा विचार, बांधकामाच्या वेळी! आमच्या गावच्या नाट्यगृहाच्या बाल्कनीत बसून बघा एकदा.

आणि नाटक पडलं की चाललं हे कसं ठरवायचं त्यासाठी अख्खा एक अध्याय, सत्ताविसावा. प्रेक्षक स्मित करतायत की खळखळून हसतायत, वाहवा करतायत, हळहळतायत, उठून उभे राहतायत, अंगावरची वस्त्रं काढून फेकतायत, सगळं मोजायचं. मग प्रयोगात येणाऱ्या विघ्नांची यादी, तिथे त्यांना घात म्हणतात. दैविक घात म्हणजे वारा, आग, पाऊस, हत्ती, साप, मुंग्या आणि कीटक. कीटक! दुसरे परसमुत्थ, म्हणजे विरोधी पार्टीच्या लोकांनी जळून केलेला आरडाओरडा, मोठमोठ्यानं हसणं, शेण आणि ढेकळं फेकणं. तिसरे आत्मसमुत्थ, आपल्याच लोकांच्या चुका.

म्हणजे आमची माशी दैविक. ते मागच्या रांगेतलं पोरगं परसमुत्थ. फेडआउट कुठे बसतो ते मी हिरोला अजून सांगितलेलं नाही, तो आता आमच्याच सोसायटीत राहतो.