सही करू नका, सर

प्राध्यापक संघटना म्हटलं की आमच्या सांगलीत अजूनही बऱ्याच जणांना २०१३ साल आठवतं. त्या वर्षी फेब्रुवारीपासून मेपर्यंत राज्यभरातल्या प्राध्यापकांनी विद्यापीठ परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला आणि शासनाने ७१ दिवसांचा पगार अडवून धरला. शिवाजी विद्यापीठातल्या प्राध्यापकांची 'सुटा' आणि राज्यातला प्राध्यापक संघटनांचा महासंघ 'एमफुक्टो' ही नावं पेपरात झळकतात ती अशाच वेळी. त्यामुळे संघटना म्हणजे मोर्चे आणि वेतन आयोग, असा लोकांचा समज झाला आहे. मी कॉलेजातल्या शाखेचं काम बघते. माझ्याकडे येतात ती प्रकरणं बहुतेक बंद दाराआडची असतात. कुणाची वेतननिश्चिती अडकलेली, कुणाच्या 'कॅस'च्या, म्हणजे पदोन्नतीच्या, फाइलवर शेरा पडलेला, कुणाला मेमो मिळालेला. त्यातलंच हे एक. सरांना विचारूनच लिहिते आहे. त्यांचं नाव, विषय आणि कॉलेज सांगत नाही.

हिवाळी सत्राच्या परीक्षा चालू होत्या. भरारी पथक आलं आणि सरांच्या ब्लॉकमध्ये एका मुलाजवळ कॉपी सापडली. मुलगा खिडकीकडच्या रांगेत, सर त्याच्यापासून चार हातांवर उभे. पथकाने अहवालात लिहिलं, पर्यवेक्षकाच्या डोळ्यांदेखत प्रकार चालू होता. दोन दिवसांत संस्थेची कारणे दाखवा नोटीस आली. कामात हयगय, गैरप्रकारास मूक संमती, सात दिवसांत लेखी खुलासा.

सर ती नोटीस घेऊन स्टाफरूममध्ये माझ्याकडे आले. बाकी सगळे तासांवर गेल्याचं बघून म्हणाले, "मॅडम, जरा वाचून दाखवता का?" मला वाटलं चष्मा विसरले असतील. वाचून झालं तसं त्यांनी बॅगेतून मिरजेच्या डॉक्टरांची फाइल काढली आणि फील्ड टेस्टचा, म्हणजे नजर किती रुंद पोचते त्या तपासणीचा, कागद माझ्यापुढे ठेवला. दोन डोळ्यांची दोन वर्तुळं छापलेली. दोन्हींत कडेने काळं पडत आत आलेलं, मध्ये जेमतेम रुपयाएवढा भाग पांढरा. काचबिंदू. यात समोरचं बराच काळ नीट दिसत राहतं, जातं ते कडेचं, आणि गेलेलं परत येत नाही. औषधाने आणि शस्त्रक्रियेने राहिलेलं टिकवायचं, एवढंच हातात असतं. समोरच्या माणसाचा चेहरा सरांना स्पष्ट दिसत होता. त्याच वेळी खिडकीशी बसलेला मुलगा त्यांच्यापुरता वर्गात नव्हताच.

किती वर्षं लपवलं, हे मी विचारलं नाही, तेच सांगत गेले. जिन्याच्या पायऱ्या पाठ होत्या. फळ्यावर लिहिणं कमी करून बोलण्यावर भर दिला होता. व्हरांड्यात मुलं बाजूने नमस्कार करून जायची आणि सरांना गर्व चढलाय असं म्हणायची, हेही त्यांच्या कानावर होतं. घराचं कर्ज, मुलगी बारावीला, आणि कळलं तर नोकरी जाईल ही भीती. प्राध्यापकाची नोकरी म्हणजे डोळ्यांची नोकरी, असं ते स्वतःच धरून चालले होते.

मला आधी त्यांची ही समजूत काढायची होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. त्यातल्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून माणसाला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. चालू काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तसं पद रिकामं नसेल तर निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जास्तीचं, पद धरायचं. हे बंधन 'सरकारी आस्थापने'वर आहे आणि कायद्याच्या व्याख्येत शासनाची मदत घेणाऱ्या संस्थाही त्यात येतात. आमचं कॉलेज अनुदानित, सरांचा पगार शासनाचा. दृष्टीचं क्षेत्र ४० अंशांहून कमी झालं की कायद्याच्या भाषेत ती अल्पदृष्टी. सर त्यात सरळसरळ बसत होते, फक्त प्रमाणपत्र काढलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज भरला आणि सिव्हिलमध्ये तपासणीला कधी जायचं ते ठरवलं.

खुलासा पाठवण्याआधीच प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. "जरा बसून बोलू," असा निरोप. सर म्हणाले, तुम्ही या. अशा प्राथमिक बोलण्यांत संघटनेचा माणूस बसू दिलाच पाहिजे, असा कायद्याचा कागद माझ्याकडे नव्हता. तरी गेले.

आत प्राचार्य, संस्थेचे सचिव आणि ऑफिस सुपरिंटेंडंट, म्हणजे ओएस. सचिवांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडमचं काय काम?" मी म्हटलं, "शाखेची सचिव आहे, सरांनी बोलावलं म्हणून आले. सर म्हणाले तर बाहेर थांबते." सर म्हणाले, "मॅडम बसतील." एवढ्यावर तो विषय मिटला. हे दोन शब्द म्हणायला सरांना किती जड गेलं असेल, ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

बोलणं अगदी गोडीत चाललं होतं. डोळ्यांचं त्यांना कुठूनतरी कळलं होतं. प्राचार्य म्हणाले, "सर, तुमच्या तब्येतीपुढे नोकरी काय मोठी आहे? चौकशी लागली तर सर्व्हिसबुकात नोंद येईल, इतक्या वर्षांची इभ्रत जाईल. त्यापेक्षा स्वेच्छानिवृत्ती घ्या, नोटिशीचं आम्ही बघतो." ओएसनी एक टाइप केलेला अर्ज पुढे सरकवला. 'वैयक्तिक व प्रकृतीच्या कारणास्तव' हे शब्द त्यात आधीच घातलेले. वर पेन ठेवलं. सरांनी मान तिरकी करून कागदाची खालची कड शोधली, बोट सहीच्या रेषेवर आणलं आणि दुसऱ्या हाताने पेन उचललं.

मी म्हटलं, "सही करू नका, सर."

प्राचार्य दुष्ट नाहीत. आपण सहकाऱ्यावर उपकार करतोय, असं त्यांना खरंच वाटत होतं. मला त्याचीच धास्ती वाटते. रागावून धमकी दिली तर माणूस सावध होतो. मायेने पुढे केलेल्या कागदावर तो सही करून मोकळा होतो आणि वर आभारही मानतो.

आम्हा प्राध्यापकांच्या बाबतीत त्या सहीची किंमत फार मोठी असते. १९८८ सालच्या सुंदरंबाळ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा 'कामगार' नाही असं ठरवलं, त्यामुळे कामगार न्यायालयाची वाट आम्हाला बंद. आम्हाला आहे ती २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमातली तक्रार निवारण समिती आणि न्यायाधिकरण. न्यायाधिकरणात अपील होतं ते बडतर्फी, सेवेतून काढणं, पदावनती अशा कारवाईवर. स्वतःच्या हाताने 'स्वेच्छेने जातो' लिहून दिल्यावर कारवाई कुठली आणि अपील कशावर?

पैशाचंही तेच. सर लागले ते २००८ मध्ये, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरचे, डीसीपीएस या अंशदानाच्या पेन्शन योजनेतले. जुनी पेन्शन त्यांना नाही. साठीच्या आत बाहेर पडलं तर एनपीएसच्या, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या, नियमाप्रमाणे जमा रकमेचा किमान ८० टक्के भाग वार्षिकीत, म्हणजे ठरावीक पेन्शन देणाऱ्या विम्यात, अडकतो आणि हातात फार तर २० टक्के येतात. पंधरा वर्षांच्या जमेतून निघणारी वार्षिकी म्हणजे कर्जाचा हप्ताही भागला नसता. ही आकडेमोड मी आदल्या रात्री करून नेली होती. तो कागद मी सचिवांपुढे न ठेवता सरांना वाचून दाखवला, कारण निर्णय त्यांचा होता.

मग मी भगवान दास यांच्या खटल्याचं सांगितलं. पंजाब राज्य वीज मंडळातले असिस्टंट लाइनमन. नोकरीत असताना पूर्ण दृष्टी गेली. कायदा माहीत नसल्याने त्यांनी स्वतःच निवृत्त करा असं लिहून दिलं आणि मंडळाने ते मान्य केलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळालाच फटकारलं. अज्ञानातून आलेलं ते पत्र धरून बसायचं नव्हतं, अशा माणसाला त्याचा हक्क समजावून सांगणं हे अधिकाऱ्यांचं कर्तव्य होतं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं आणि त्यांना सेवेत धरायचा आदेश झाला. तेव्हा १९९५ चा जुना कायदा होता, आताचा त्याहून कडक आहे. मी प्राचार्यांना म्हटलं, "सर, उद्या हे प्रकरण कोर्टात गेलं तर हा टाइप केलेला अर्ज कुणी तयार केला, हे आधी विचारतील."

सचिवांनी ओएसकडे बघितलं. ओएसनी अर्ज उचलून फाइलीत ठेवला. केबिनमध्ये थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग शिपाई मामा चहा घेऊन आले.

चहा झाल्यावर सरांना बोलायला जागा मिळाली. आपल्याला काय दिसतं आणि काय नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच त्या लोकांना सांगितलं. प्राचार्यांनी फील्ड टेस्टचा कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. "म्हणजे मी इथे डावीकडे बसलोय, मी दिसतोय का?" सर म्हणाले, "आवाज येतोय." पुढचं बोलणं वेगळ्या सुरात झालं, हे मी मान्य करते.

मागण्या आम्ही लिहून नेल्या होत्या. सगळे तास तळमजल्यावर. अंधार पडल्यावर तास नको. पर्यवेक्षणाऐवजी तोंडी परीक्षा आणि प्रकल्पांचं काम. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी. एक संगणक आणि त्यावर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी प्रणाली, जी फुकट मिळते आणि मराठीही वाचते. कायदा म्हणतो सोयी वाजवी असाव्यात, संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये. यात बोजा कुठे आहे, ते सचिवांनाही दाखवता आलं नाही. चार गोष्टी तिथेच मान्य झाल्या. सिव्हिलचं प्रमाणपत्र आलं, ते खुलाशाला जोडलं आणि नोटीस लेखी मागे घेतली गेली. लेखी, हे मी धरून बसले होते. तोंडी मागे घेतलेली नोटीस पुढच्या प्राचार्यांच्या काळात फाइलीतून पुन्हा वर येते.

पिवळी पट्टी मामांनीच मारली. "आदी सांगायचं न्हवं का सर," एवढंच म्हणाले. आता त्या पट्टीचा उपयोग गुडघे दुखणाऱ्या आमच्या हेडक्लार्क बाईंनाही होतो.

एनव्हीडीएचं मात्र एक खेकटं निघालं. सरांनी स्वतःच्या लॅपटॉपवर ते घेतलं आणि ऑफिसने मेलवर पाठवलेली सूचना उघडली. यंत्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बडबडायला लागलं. सूचना मराठीत, पण आमचं ऑफिस तोवर श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये टाइप करत होतं. माणसाला ती मराठी दिसते, यंत्राला ती रोमन अक्षरांची खिचडी. उरलेल्या सूचना म्हणजे शिक्का मारून स्कॅन केलेले कागद, त्यांत यंत्राला वाचायला अक्षरच नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, टाइप करायला पैसा लागत नाही, सवय लागते. ऑफिसमधल्या दोघांना आमच्याच शाखेतल्या एका सरांनी शिकवलं. आता सूचना दोन प्रकारे निघते, शिक्क्याची फलकावर आणि युनिकोडमधली मेलवर.

अडलं आहे ते संगणकाचं. संस्था म्हणते, स्वतःच्या खर्चाने घ्या. कायद्याप्रमाणे ही सोय द्यायची जबाबदारी आस्थापनेची आहे. शिवाय कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं आणि कलम २३ प्रमाणे सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. महाविद्यालय विकास समितीवर शिक्षकांतून निवडून गेलेले तीन सदस्य असतात, त्यांच्यामार्फत तिन्ही विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतले. अधिकारी नेमला गेला, धोरणाचा मसुदा शाखेने लिहून दिला. संगणकाचा ठराव 'पुढील सभेत' गेला आहे. त्याही सभेत निघाला नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज जाईल. सरांनी तो स्वतः टाइप केला आहे, युनिकोडमध्ये.