एका रफारासाठी पाच प्रुफं

कादंबरी लिहायला मला चौदा महिने लागले आणि त्यात काहीच त्रास झाला नाही. म्हणजे झाला असेल, पण आता आठवत नाही. आठवतो तो फक्त एक रफार.

खून नको, रक्त नको, घरातल्याच माणसांना संशयित करायचं आणि वाचणाऱ्याला हसवायचं, एवढं ठरवून मी लिहायला बसले होते. माझी गुप्तहेर म्हणजे गोव्यात फोंड्याजवळच्या एका गावातल्या, मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. कादंबरीभर त्यांना सगळे नुसतं 'बाई'च म्हणतात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या रात्री माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधून होते, सगळे जेवून आडवे होतात आणि सकाळी मूळ घरातली पत्र्याची पेटी गायब. पेटीत वाटणीचे कागद. पेटीच्या जागी एक निनावी चिठ्ठी. त्या रात्री घरात एकवीस माणसं, एक न्हाणीघर आणि तीन संशयित. तिघेही बाईंचे चौथीतले जुने विद्यार्थी.

पहिल्या खर्ड्यात मी म्हाताऱ्याचं मृत्युपत्र घातलं होतं. एका मुलाने बापाला गोड बोलून सगळी इस्टेट आपल्या नावावर करून घेतली, वगैरे. भाचा वकील आहे, त्याने वाचलं आणि हसत सुटला. "मावशी, हे गोव्यात चालत नाही." खरंच की. आपल्याकडे लग्न झालं की नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. वेगळा करार केला नसेल तर अर्धी तिची. उरलेल्या अर्ध्यातलंही म्हाताऱ्याला निम्मंच मनासारखं देता येतं, बाकीचं मुलांना द्यावंच लागतं, मुलींनाही तेवढंच. पोर्तुगीज काळापासून हे असंच आहे आणि २०१२ च्या वारसा कायद्यातही तेच ठेवलंय. म्हणजे मृत्युपत्रामुळे माझ्या खलनायकाच्या वाट्याला जास्तीचे फार तर रुपयातले चार आणे येत होते. चार आण्यांसाठी कोण बापाला फितवेल? म्हणून मृत्युपत्र काढलं आणि इन्व्हेंतारची, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या कोर्टातल्या कामाची, जुनी कागदपत्रं घातली. गोव्यातलं घर घेऊन रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावं. बाहेरच्या कथांमधलं मृत्युपत्र इथे आणलं तर सोळाव्या पानावरच वाचक पुस्तक मिटेल.

घरच्यांना वाचायला दिलं ती माझी दुसरी चूक. आम्ही घरी कोकणीत बोलतो आणि वाचतो मराठीत, त्यामुळे प्रत्येकाने मराठीत वाचून कोकणीत भांडण काढलं. सासूबाईंनी पन्नास पानं वाचून कागद खाली ठेवले आणि म्हणाल्या, "ती हांव न्हय." म्हणजे ती मी नव्हे. मी म्हटलं, कोण ती? त्यांनी उत्तर दिलं नाही. जाऊ पंधरा दिवस बोलत नव्हती. नंतर कळलं, तिचा आक्षेप आपल्याला कादंबरीत घेतलं यावर नव्हता, आपला भाग दोनच पानांचा आहे यावर होता.

आता मुद्द्याचं. हसवणाऱ्या रहस्यकथेत धागा लपवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे विनोद. वाचणारा हसतो आणि पुढे जातो. माझा धागा होता 'आशीर्वाद'. हा शब्द निम्मा महाराष्ट्र आणि पाऊण गोवा 'आर्शीवाद' असा लिहितो, लग्नपत्रिकांवरसुद्धा. दुसऱ्या प्रकरणात तिघांपैकी एकजण मुंजीच्या पत्रिकेचा मजकूर बाईंना दाखवायला आणतो, त्यात 'आर्शीवाद' असतो. बाई म्हणतात, "चौथीत तुझ्या हातावर छडी मारली ती रफारासाठी. छडी फुकट गेली." इथे सगळे हसतात. हे पान ३१. पुढे पान १४३ वर निनावी चिठ्ठी: 'देवाचा आर्शीवाद असेल तर पेटी सापडेल.' झालं. बाईंना कळलं, आणि ज्याला पान ३१ आठवतं त्यालाही कळलं.

हे इथे सांगून मी माझ्याच पुस्तकाचा अर्धा जीव काढते आहे, पण इलाज नाही. याशिवाय पुढचं समजणार नाही. कोण ते मात्र सांगत नाही.

म्हणजे माझ्या १९२ पानांच्या पुस्तकात दोन ठिकाणी, फक्त दोन, एक शब्द चुकीचा छापून हवा होता. बाकी सगळीकडे बरोबर. सोपं वाटतं ना?

मी सगळं मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलं होतं. छापखाना फोंड्याहून बसने तासाभरावर, नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत. पानं लावणारा मुलगा मात्र जुन्या फॉन्टमध्ये काम करायचा, त्यामुळे माझा मजकूर त्याला आधी 'कन्व्हर्ट' करावा लागला. युनिकोडमध्ये 'र्व' लिहायचा तर आधी र्, मग व. जुन्या फॉन्टमध्ये रफार हे एक सुटं चिन्ह; अक्षर आणि त्याचा काना-वेलांटी सगळं झालं की शेवटी द्यायचं, मग ते मागच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतं. कन्व्हर्टरचं काम एवढंच की रफार उचलून एक अक्षर पुढे न्यायचा. यांच्या कन्व्हर्टरने तो उचललाच नाही. पुस्तकातला प्रत्येक रफार एक घर मागे. खर्चाचा 'र्खच' झाला, सूर्याचा 'र्सूय', पोर्तुगीज 'र्पोतुगीज'. आणि अर्थातच सगळ्या आशीर्वादांचे 'आर्शीवाद'.

ते पहिलं प्रूफ मी बसमध्येच वाचलं, भर पावसात, खिडकीची काच बंद होत नव्हती. कादंबरीतला प्रत्येकजण 'आर्शीवाद' लिहीत होता. भटजी, आजी, खुद्द बाई. एकवीसच्या एकवीस गुन्हेगार. एकटा खरा गुन्हेगार सुटला होता, कारण त्याच्या मुद्दाम चुकलेल्या शब्दातला रफारही एक घर मागे जाऊन थेट 'आ'च्या डोक्यावर बसला होता, आणि तसं जगात कुणीच लिहीत नाही.

याशिवाय चवथीला स्वयंपाकाला बोलावलेल्या आचाऱ्यांचे 'आचार्य' झाले होते. 'आचार्यांनी खतखते ढवळले.' हे वाक्य मी क्षणभर ठेवायच्या विचारात होते.

मुलगा म्हणाला, "बाय, काळजी करूं नाकात, फाल्यां जातलें." फाल्यां म्हणजे उद्या. दुसरं प्रूफ तीन आठवड्यांनी आलं. त्याने शोधा-आणि-बदला चालवून सगळे रफार जागेवर नेले होते. खरोखर सगळे. पान ३१ बरोबर, पान १४३ बरोबर. शेवटच्या प्रकरणात बाई सगळ्या घराला माटोळीखाली बसवतात, चिठ्ठीवर बोट ठेवतात आणि विचारतात, "हा शब्द वाचा. रफार कुठे दिलाय?" वाचक पान १४३ उलटून बघतो: आशीर्वाद. रफार होता तिथेच होता. बाई वेड्या वाटत होत्या. मीही.

तेव्हा मी लाल पेनने दोन्ही शब्दांना गोल केला आणि समासात लिहिलं, 'ही चूक मुद्दाम आहे, तशीच ठेवा.' तिसरं प्रूफ चवथीला दोन दिवस उरले असताना मिळालं (त्या वर्षी, २०२४ मध्ये, चवथ ७ सप्टेंबरला होती आणि पुस्तक चवथीला हातात हवं म्हणून मी जूनपासून धावत होते). माटोळीच्या बाजारात एका हातात सुपारीचा घड आणि दुसऱ्या हातात पान १४३ धरून मी वाचलं: 'देवाचा आशीर्वाद तशीच ठेवा असेल तर पेटी सापडेल.'

मी तिथेच हसायला लागले. नवरा म्हणाला, लोक बघतात. बघू देत.

चवथ गेली. मग दसरा गेला. चौथं प्रूफ तयार आहे असा फोन आला, पण घ्यायला गेले तर मुलगा नाही. दिवाळी जवळ आली की गोव्यातला कुठलाही विशीतला मुलगा नरकासुराचा पुतळा करायला जातो आणि तो जळेपर्यंत परत येत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. छापखान्यात काम द्यायचं असेल तर नरकासुराआधी महिनाभर काढून घ्या, नाहीतर सरळ दिवाळीनंतर जा.

त्याने मात्र या वेळी दोन्ही शब्द हवे तसे चुकवले होते. ते मला नंतर कळलं. कारण मधे मुद्रितशोधक होते. छापखान्याचेच, सत्तरी ओलांडलेले, स्वच्छ सदरा, जाड चष्मा, ऱ्हस्व-दीर्घाचा एक दोष डोळ्यांतून सुटायचा नाही. पुस्तकाला त्यांचा हात लागला हे माझं भाग्यच, बाकी शंभर चुका त्यांनी काढल्या. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि हळूच, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, "बाय, दोन ठिकाणी एक मोठी चूक राहिली होती. मी काढली."

मी त्यांना अख्खी कादंबरी सांगितली. चौथीतली छडी, मुंजीची पत्रिका, चिठ्ठी. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "पण शब्द चूक तो चूक." मग म्हणाले, "ठीक आहे, तुमचं पुस्तक."

पाचव्या वेळी मी खुर्चीच ओढली, मुलाच्या शेजारी बसले, दोन्ही शब्द समोर करून घेतले, पीडीएफ करायला लावली, ती फोनवर घेतली, पान ३१ आणि १४३ उघडून पाहिली आणि मगच उठले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. शक्य असेल तर युनिकोडमध्येच पानं लावणारा माणूस शोधा. आणि पुस्तकात मुद्दाम केलेल्या चुका असतील तर त्यांची यादी वेगळ्या कागदावर द्या, समासात एक अक्षर लिहू नका.

हो, फर्म्याचं राहिलं. फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घालायचा कागद; डेमी आकाराचा एक फर्मा सोळा पानांचा. माझी पानं १९५ होत होती, म्हणजे तीन पानांसाठी तेरावा फर्मा. जावेचा भाग आणखी कमी करायची हिंमत नव्हती, म्हणून पावसाचं वर्णन कापलं आणि बारा फर्म्यांत बसवलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, अर्ज ऑनलाइन करायचा, लेखक स्वतः करू शकतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. मला तो मिळाला, कसा ते आता आठवतही नाही.

तीनशे प्रती तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी टेंपोतून घरी आल्या. नवरा कोषागारातून निवृत्त झालेला, नियम हा त्याचा छंद. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. प्रकाशक मीच. माझ्यापेक्षा त्यालाच त्याचा आनंद जास्त. वरच्या गठ्ठ्यातून चार प्रती काढून, पुठ्ठ्यात बांधून तो पोस्टात गेलासुद्धा. मी तुळशीपुढे ऊस उभा करत होते.

संध्याकाळी मुलीने एक प्रत उघडली. पहिल्या पानाशी एक चिटोरा ठेवलेला. छापलेला, नीट चौकटीत. वर 'शुद्धिपत्र', आणि खाली दोन ओळी:

पृ. ३१, 'आर्शीवाद' ऐवजी 'आशीर्वाद' असे वाचावे.
पृ. १४३, 'आर्शीवाद' ऐवजी 'आशीर्वाद' असे वाचावे.

चौदा महिने लपवलेलं उत्तर, पुस्तक उघडताच, पृष्ठ क्रमांकांसह. मी छापखान्यात फोन लावला. म्हाताऱ्यांनीच उचलला. "छपाई झाल्यावर एकदा वाचतो मी," ते म्हणाले, "तुमचा शब्दही ठेवला, आणि वाचकाचं नुकसानही नको. शुद्धिपत्राचे पैसे लावलेले नाहीत." काय बोलणार? "देव बरें करूं," म्हटलं आणि फोन ठेवला.

तुळशीचं लग्न लागल्यावर आम्ही सगळे बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, गोल करून बसलो आणि चुरमुरे खात चिटोरे काढले. सासूबाई, जाऊ, भाचा, मुलगी, मी. जाऊ प्रत्येक प्रत उघडून आपली दोन पानंही बघत होती, त्यामुळे तिचा गठ्ठा मागे राहिला. रात्री चिटोरे मोजले तर दोनशे शहाण्णव. पुन्हा मोजले. नवऱ्याने चुरमुऱ्यांची वाटी खाली ठेवली आणि खिशातून पोस्टाच्या चार पावत्या काढल्या.