तुम्ही विचारलंत म्हणून: हे चारचौघात कशाला सांगता?

गणपतीत आमच्या बडोद्यातल्या दांडिया बजारच्या मांडवात मी पाच-दहा मिनिटं मूल न होण्याबद्दल बोलतो, नवऱ्यानं आपली तपासणी आधी करून घ्यावी एवढंच मुख्य सांगणं असतं, आणि दरवर्षी खाली उतरलो की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारतंच, अहो हे चारचौघात कशाला सांगता? शेजारचे गुजराती काका तर सरळ म्हणाले, जाहेरमां आवुं बोलाय? आजवर टाळलं. आता लिहितोच.

तर प्रॉब्लेम माझ्यात होता. अझूस्पर्मिया, म्हणजे वीर्यात शुक्राणू एकही नाही. शंभर पुरुषांत साधारण एकाला हे असतं. आणि तुमचा पुढचा प्रश्न मला डोळ्यांत दिसतो म्हणून सांगून टाकतो, याचा नपुंसक असण्याशी काही संबंध नाही, बहुतेकदा नवरा-बायकोत सगळं व्यवस्थित असतं, बाहेरून काहीच कळत नाही, म्हणूनच तर तपासावं लागतं.

आणि तपासणी केवढीशी! दोन ते सात दिवस संबंध ठेवायचे नाहीत, लॅबमध्ये डबीत नमुना द्यायचा, घरून नेला तर तासाभरात पोचवायचा, बस. सुई नाही, भूल नाही. डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत चिठ्ठी लिहून दिली होती, ती माझ्या पाकिटात तीन वर्षं पडून होती, घड्यांवरची अक्षरं पुसट झाली. त्या तीन वर्षांत बायकोच्या सोनोग्राफ्या किती झाल्या मोजल्या नाहीत, थायरॉइड, एएमएच म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय ते बघायची रक्ततपासणी, मग नळ्या उघड्या आहेत का बघायला आत डाय सोडून एक्स-रे, त्या दिवशी स्कूटरवर मागे बसताना तिनं माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता, आणि शेवटी दुर्बीण घालून बघितलं, पोटावर टाके. सगळं नॉर्मल. दर वेळी नॉर्मल आलं की मला वाटायचं चला, आता होईल. तिचं सगळं नॉर्मल म्हणजे बघायचं कुणाचं राहिलंय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. नाही, आलं होतं. इथे तरी खोटं नको. आलं होतं आणि मी बाजूला सारलं.

शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमचा रिपोर्ट आणल्याशिवाय मी हिला पुढची एक गोळी देणार नाही. तेव्हा गेलो. रिपोर्ट ऑफिसमधून परस्पर जाऊन आणला, तिथेच पार्किंगमध्ये उघडला. काऊंटच्या पुढे निल. घरी येऊन सांगितलं, अजून यायचाय.

नवव्या दिवशी धाकट्या भावाच्या बायकोचं डोहाळजेवण. झोपाळ्याला फुलं बायकोनंच लावली होती, सकाळी सहाला उठून मार्केटमधून तिनंच आणली. ओटी भरायची वेळ आली, ती तबक घेऊन पुढे झाली, खण, नारळ, तांदूळ सगळं नीट मांडलेलं, आणि आत्या म्हणाली, तू राहू दे गं, आधी लेकुरवाळ्यांना भरू दे. आवाज पण चढवला नाही तिनं, अगदी प्रेमानं म्हणाली. आई साडीचा पदर सारखा करत राहिली. मी दारात पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन उभा, रिपोर्ट खाली स्कूटरच्या डिकीत. बायकोनं तबक पाटावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणायचं होतं की आत्या, तिच्यात काही नाहीये. मी खोका उचलून आत नेला, बाटल्या मांडत बसलो.

रात्री तिनं विचारलं, माझ्यातच असेल ना रे काहीतरी, जे तपासणीत येत नाही? मी म्हणालो, झोप आता. तिला सांगितलं ते त्यानंतर तीन दिवसांनी.

आता तुम्ही म्हणाल घाबरला होतास. होतो. मी पण स्वतःला बरीच वर्षं तेच सांगितलं की तेहतिसाव्या वर्षी माणसाला काय कळतं, आपल्याला कुणी शिकवलं होतं का, शाळेत तो धडा सर सोडून द्यायचे. सगळं खरं आहे. पण चिठ्ठी पाकिटात होती हेही खरं आहे. आणि बाईला वांझ म्हणतात, तसा पुरुषाला हाणायला रोजच्या बोलण्यातला शब्द काय आहे सांगा? निपुत्रिक आहे, तो कागदावरचा, भांडणात कुणी तो तोंडावर फेकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की जगात साधारण सहातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी मूल न होण्याचा त्रास होतो. आणि अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. निम्म्या! मग ऐकायचं सगळं तिनंच का?

आम्ही पुढे काय केलं, मूल झालं की नाही, डोनर की दत्तक, ते मी सांगणार नाही. ते आमचं दोघांचं आहे, आणि ही परवानगी तिनं मला दिलेली नाही. रिपोर्ट माझा आहे, तो मी सांगू शकतो.

बायको मांडवात येत नाही. पहिल्या वर्षी विचारलं तर म्हणाली, तू बोल, चांगलंच आहे, पण मला ज्या दिवशी ऐकायचं होतं तो दिवस गेला. आत्या पण गेली, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आई अजून पाहुण्यांना सांगते, हिला थायरॉइड आहे ना. नाहीये तिला थायरॉइड. परवा मी मध्येच म्हणालो, आई, रिपोर्ट माझा होता. आई उठून देवघरात गेली. बायकोनं पाहुण्यांना विचारलं, चहात साखर किती?