मी लुक्लात, डफल मंथलीत

माझी डफल, म्हणजे ट्रेकची मोठी लांबट बॅग, माझ्यानंतर दोन दिवसांनी लुक्लाला, म्हणजे नेपाळात एव्हरेस्टच्या वाटेवरच्या विमानतळाच्या गावी पोहोचली. तिला कोंबड्यांचा वास येत होता आणि एका बाजूला फुटलेल्या अंड्याचा ओघळ वाळून बसला होता. जादा वजनाचे पैसे रोख भरूनही ती मागे राहिली, म्हणून हे लिहिण्याचा खटाटोप. एव्हरेस्ट बेस कँपचं वर्णन हवं असेल तर ते इथे नाही, हजार जणांनी लिहिलंय. दिवसाला सात-आठ तास चालता येतं, बूट रुळलेले आहेत आणि उंचीवर घाई करायची नसते, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मला बोलायचंय ते विमानाबद्दल.

पुण्यातल्या एजंटने सांगितलं होतं, "काठमांडूहून अर्ध्या तासात लुक्ला, सर." ऑफ सीझनला हे खरंही असेल. पण वसंतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गर्दीत लुक्लाची बहुतेक विमानं 2019 पासून रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच. तिच्यावर दिल्ली-दोह्याची मोठी विमानंही उतरणार आणि आमची पंधरा-सोळा जणांची टमटमही. दोन्हींना वेळ जवळपास तेवढाच लागतो, मग मागे कोण राहणार हे उघड आहे. शिवाय मंथलीहून लुक्ला जेमतेम वीस मिनिटं. तेच विमान एका सकाळी जास्त फेऱ्या मारतं, इंधन कमी घेतं आणि तेवढा माल जास्त भरतं. कंपनीच्या बाजूने हिशेब चोख आहे. आपल्या बाजूने तो असा पडतो की रात्री साडेबाराला काठमांडूच्या थामेल भागातून जीपमध्ये बसायचं.

आता त्या रस्त्याबद्दल. अंतर साधारण 130 किलोमीटर. धुलीखेलच्या पुढे बीपी महामार्ग लागतो, जपानच्या मदतीने बांधलेला, अरुंद पण एकेकाळी झकास. सप्टेंबर 2024 च्या पावसात रोशी खोला नदीने तो जागोजागी कापून नेला. आम्ही गेल्या नोव्हेंबरात गेलो तेव्हाही जीप डांबर सोडून सरळ नदीच्या पात्रात उतरत होती. गोटे, धूळ, पुढच्या ट्रकचा लाल दिवा, बाकी सगळा काळोख. एका ठिकाणी ट्रक रुतला आणि आम्ही पाऊण तास तसेच तिरके उभे. माझ्या शेजारचा नाशिकचा मुलगा, साल्हेर-मुल्हेर कोळून प्यायलेला, तीनदा उलटी करून खिडकीला डोकं टेकून बसला. पाच तासांचे सात झाले. वरंधा घाटाला मी यापुढे नावं ठेवणार नाही.

माझं स्पष्ट मत: रात्रीची ही जीप घेऊच नका. आदल्या दिवशी उजेडात निघा आणि मंथलीत मुक्काम करा. हॉटेलं सुमार आहेत, खोली आधी सांगून ठेवावी लागते, डास आहेत. तरीही. पाऊस झाला असेल तर रस्ता कसा आहे ते जीपवाल्याला विचारा, एजंटला विचारू नका. एजंटसाठी रस्ता नेहमीच "ओके" असतो.

मंथलीचा विमानतळ म्हणजे एक शेड आणि शेडबाहेर तंबूतल्या चहाच्या टपऱ्या. नियम पंधरा किलोंचा: दहा चेक-इन, पाच हातात. माझ्या हुकला लटकवायच्या काट्यावर डफल बरोबर दहा भरली होती. त्यांच्या काट्यावर तेरा. खाली वाकून पाहिलं तर मागच्या माणसाची भलीमोठी बॅग काट्याच्या पाटावर रेललेली. ती पायाने सरकवली, आकडा पावणेअकरावर आला. काउंटरवरच्या दाजूने (नेपाळीत थोरला भाऊ) तो पाहिलाही, आणि शांतपणे तेरा लिहिलं. तीन किलोंचे पैसे घेतले. पावती मागितली तर कुरकुर न करता दिली, पण तिच्यावर "कार्गो" असं लिहिलं होतं. तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. पहाटेचे साडेसात, झोप शून्य, मी पावती खिशात घातली.

नंतर लुक्लात बसून बसून हिशेब कळला. ट्विन ऑटरचं, म्हणजे आमच्या त्या छोट्या विमानाचं, उड्डाणाचं कमाल वजन 5,670 किलो. निम्म्याहून बरंच जास्त विमानाचं स्वतःचंच. उरलेल्या सव्वादोन टनांच्या आसपास दोन वैमानिक, इंधन, माणसं आणि सामान बसवायचं. उतरायचं 2,845 मीटरवर, विरळ हवेत, 527 मीटरच्या पट्टीवर, जिला सुमारे 12 टक्के चढ आहे. उतरताना चढाकडे, उडताना उताराकडे, दुसरा पर्याय नाही. पट्टीच्या वरच्या टोकाला डोंगर असल्याने शेवटच्या टप्प्यात विचार बदलून परत वर जाता येत नाही. त्यामुळे थोडी शंका आली तरी आधी वजन उतरवतात, आणि उतरतं ते सामान. माणूस भांडतो, डफल भांडत नाही.

मंथलीत आमच्या शेजारी दुसरं विमान उभं होतं, खुर्च्या काढलेलं. त्यात माल भरत होते आणि ते बघण्यासारखं होतं. तांदळाची पोती तळाशी, पंखांच्या जवळपास, म्हणजे तोल सांभाळतो. त्यावर वाईवाई नूडल्सची खोकी रचत छतापर्यंत, सगळ्यात वर अंड्यांचे ट्रे, आणि वरून जाळी आवळलेली. निव्वळ तांदूळ भरला तर जागा अर्धी रिकामी असतानाच वजन संपतं, निव्वळ नूडल्स भरले तर वजन उरतं पण जागा संपते. भरणारा पोरगा दोन्हींची मोट बांधत होता, कागद-पेन न घेता. मुंबई-काठमांडू जेटमध्ये आपल्या पायाखाली बॅगा आणि उरलेल्या जागेत कुणाचा तरी माल असतो. जगातला साधारण निम्मा हवाई माल असाच प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. मंथलीत उलटा प्रकार: कार्गोचा टॅग लागलेली बॅग तांदळाच्या उरलेल्या जागेत जाते. उरली तर.

उड्डाणाबद्दल इतकंच सांगतो की वीस मिनिटांत मी जीप, काटा, दाजू सगळ्यांना माफ केलं होतं. वैमानिकाच्या खांद्यावरून समोर ती डांबराची फळी दिसते, डोंगराला टेकवून ठेवल्यासारखी, आणि चाकं टेकताच विमान चढ चढायला लागतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही. मग वर फक्त चारच विमानं उभी राहतील एवढी जागा असल्याने इंजिन पुरतं बंद न करताच सामान बाहेर फेकलं गेलं. त्यात माझं नव्हतं. माफी परत घेतली.

दोन दिवस मी कुंपणाला लटकून प्रत्येक विमान तपासत होतो. ज्याला विचारावं तो म्हणे, "भोलि, दाइ." भोलि म्हणजे उद्या, दाइ म्हणजे दादा. दुसऱ्या दिवशी दहानंतर तर काही आलंच नाही. इथे सगळं वैमानिकाच्या नजरेवर चालतं, ढगातून उतरवणारी यंत्रणा नाही. सकाळ सरली की दरीतून नैर्ऋत्येचा वारा उठतो आणि उतरणाऱ्या विमानाला मागून ढकलतो. दिशा बदलून उतरण्याची सोय नसल्याने विमानतळ गप्प होतो.

यातूनच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. तुमचं विमान आज रद्द झालं तर उद्या पहिला नंबर तुमचा नसतो. उद्याच्या तिकिटवाल्यांना आधी सोडतात, त्यांच्यातून जागा उरली तर तुम्ही. म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीचंच तिकीट मागा, सकाळी नऊच्या फेरीला भुलू नका. दोन्ही टोकांना दोन-दोन दिवस मोकळे ठेवा. मुंबईचं परतीचं विमान लुक्लाच्या दुसऱ्याच दिवशी ठेवणाऱ्याला मी सरळ मूर्ख म्हणेन. आमच्यासोबतच्या एका जोडप्याने तेच केलं होतं, त्यांना शेवटी हेलिकॉप्टरवाल्याने माणशी 600 डॉलर सांगितले. पाच जण जमेपर्यंत थांबले तेव्हा तोच 450 वर आला. पहिला आकडा ऐकून चहा प्यायला निघून जायचं.

हातात पाच-सहा दिवस जास्त असतील तर विमान सोडाच. काठमांडूहून सल्लेरी गावापर्यंत जीपने जा आणि तिथून चालत लुक्ला. पुढच्या वेळी मी तेच करणार.

लुक्ला ते बेस कँप आणि परत, बारा दिवस, काही अडचण नाही. येताना वाटेतल्या नामचे गावात प्लास्टिक कचऱ्याची एक किलोची पिशवी घ्या आणि लुक्लात द्या, पुढे तो कचरा खाली जाऊन काठमांडूला रिसायकलिंगला जातो. चढून आलेला तांदूळ वरच संपतो, मालाची विमानं खाली रिकामीच येतात. परतताना माझी तीच डफल बारा किलोंची होती, काट्याकडे कुणी बघितलंही नाही.

हातातल्या पाच किलोंत डाउन जॅकेट, औषधं, हेडलँप आणि एक जोड मोजे हवेतच. बूट पायात. स्लीपिंग बॅग गेली तर वर भाड्याने मिळते, मला मिळाली, वासासकट. डफलवर स्वतःचं नाव आणि "पॅसेंजर" असं मार्करने मोठं लिहा, आणि तुमच्यासमोर टॅग लावताना तो वाचा.

अंड्याचा डाग गरम पाण्याने धुऊ नका, पक्का बसतो. गार पाणी.