मोडायची मुभा असलेलं मशीन

शनिवार, रात्र

खोलीतला कोपरा अखेर रिकामा झाला. टेबलावर जुना डेस्कटॉप उघडून ठेवलाय. शेजारी मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि स्क्रूंसाठी एक डबी. घरी लॅब करायची तर आधी खूप सामान जमवायला हवं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण खरी गरज एकाच गोष्टीची होती: ज्यात आपलं काहीही नाही असं एक मशीन. रोजच्या लॅपटॉपवर फोटो आहेत, कामाच्या फायली आहेत, तिथं पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या विभागांना, हात लावताना बोटं आखडतात. याची डिस्क कोरी आहे. याचं काहीही झालं तरी चालेल.

फक्त ते सुरू होत नाहीये. बटण दाबलं की पंखा सेकंदभर फिरतो आणि थांबतो. बीपसुद्धा नाही.

रविवार

रॅम काढून तिचे संपर्क पुसले, पुन्हा बसवली. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मोजली तर तीन व्होल्टऐवजी २.४ भरली, म्हणून तीही बदलली. ढिम्म.

मग पॉवर सप्लाय. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार एखाद्या काळ्या तारेला जोडली की तो मदरबोर्डशिवाय चालू होतो. मीटरवर १२.१ व्होल्ट. ११.४ ते १२.६ चालतं, म्हणजे ठीक. पण लोड नसताना, म्हणजे त्यावर काही चालत नसताना, हा आकडा फार काही सांगत नाही, म्हणून दुसरा सप्लाय लावून पाहिला. तेच! (सप्लायचा डबा मी उघडत नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांत, प्लग काढल्यावरही जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.)

राहिला बोर्ड. टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसलं. प्रोसेसरशेजारच्या चार कपॅसिटरपैकी तिघांचे माथे फुगलेले, एकावर वाळलेला तपकिरी थर. माथा सपाटच हवा. इथली धूळ मी दोनदा झटकली होती, तरी नजर तिथं ठरली नव्हती. अंगावर लिहिलंय ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरड. पार्ट मागवले.

गुरुवार

धन पाय पटकन सुटला, ऋण पाय हलेना. तो बोर्डच्या आत पसरलेल्या तांब्याच्या थराला जोडलेला असतो, आयर्नची सगळी उष्णता तो थरच ओढून घेतो. तापमान आणखी वाढवायचा मोह झाला, पण तसं केलं तर बोर्डवरचं तांबं उखडतं. थांबलो. आयर्नला रुंद टोक लावलं आणि जुन्या डागावर थोडं नवं शिशाचं सोल्डर सोडलं. बोर्डवरचं शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ अंशांपुढे वितळतं, माझं ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) मात्र १८३ लाच. दोन्ही मिसळली की डाग लवकर मऊ होतो. झाला! पाय अलगद बाहेर आला, तेव्हा मी श्वास धरून ठेवला होता हे कळलं.

नवे कपॅसिटर लावताना पट्ट्याची, म्हणजे ऋण बाजू दोनदा तपासली. बटण दाबलं. एकच छोटा बीप. इतका गोड आवाज कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

शुक्रवार

डेबियन लिनक्स टाकलं, खिडक्या-आयकॉनवाला डेस्कटॉप न घेता, नुसती कमांडची काळी स्क्रीन. मग मुद्दाम बूटलोडर, म्हणजे मशीन लावल्यावर सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, पुसला. हे करायला तर मशीन हवं होतं! पेनड्राइव्हवरून बूट केलं, डिस्क माउंट केली (जोडून घेतली), चेंज रूट करून, म्हणजे तिच्यावरच्या सिस्टिममध्ये शिरून, ग्रब हा बूटलोडर पुन्हा टाकायला गेलो तर त्याला डिस्कच सापडेना. चालू सिस्टिमच्या डेव्ह, प्रॉक आणि सिस या तीन डिरेक्टऱ्या आत बाइंड करायच्या, म्हणजे तिथूनही दिसतील अशा जोडायच्या, राहिल्या होत्या. या कमांड मी कितीदा नुसत्या वाचून पुढे गेलोय. आज त्या का लागतात ते डोळ्यांनी पाहिलं. वहीत हातानं लिहून ठेवलं, तारखेसकट.

चौथा कपॅसिटर अजून सपाट आहे. पण तोही त्याच बनावटीचा, त्याच वयाचा. उद्या तो काढतो.